कठडा नसलेल्या पायऱ्या

(आंतरराष्ट्रीय अपंग वर्षानिमित्त झालेल्या सत्काराला ॲड. गोपीचंद टेंभुर्णे यांनी दिलेलं उत्तर. भंडारा, डिसेंबर १९८१.)

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे सर्वेसर्वा, आदरणीय भैय्याजी. व्यासपीठ भूषवणारे ज्येष्ठ विधिज्ञ केशवराव. सत्कार समितीचे कार्यतत्पर सचिव धनीरामजी. वकील संघातले माझे सहकारी. समोर दाटीवाटीनं बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो. आणि बाहेर अंगणात, कडुनिंबाखालच्या बाकावर बसलेल्या सत्यभामाबाई आणि माझी आई शकुनबाई, आपणा सर्वांना जयभीम आणि नमस्कार.

मी हळू बोलतो. ज्यांना घाई असेल त्यांनी मधूनच उठून जायला हरकत नाही, त्यांचे पाय चांगले आहेत. माझी जीभ माझ्या पायांची सख्खी बहीण आहे. निघते वेळेवर, पोहोचते उशिरा. वकिलीच्या सुरुवातीला एक कारकून माझं प्रत्येक वाक्य न्यायाधीशांना मोठ्यानं पुन्हा म्हणून दाखवायचा. मराठीचं मराठीत भाषांतर. पुढे पुढे तो माझ्यापेक्षा वेगळाच युक्तिवाद करायला लागला, तेव्हा त्याला हात जोडावे लागले. आज तो नाही. तेव्हा आपल्यालाच कान द्यावे लागतील.

सध्या मी उभा आहे, हे आपण पाहताच आहात. हे भाषणाचं मेज सागवानी आहे, जड आहे. धरण्याआधी मी ते हलवून पाहिलं. मेज हलवून पाहिल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नये, हे मी केशवरावांच्या साक्षीनं शिकलो. ती हकीगत पुढे येईल.

आधी आभार. हे अपंग वर्ष जानेवारीत सुरू झालं. जगभर सुरू झालं म्हणतात. आपल्याकडे ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचलं. मी तक्रार करत नाही. उशिरा पोहोचणाऱ्यांविषयी मला जन्मजात आपुलकी आहे. वर्ष संपायच्या आत एखादा अपंग शोधून त्याला शाल पांघरावी असं समितीला वाटलं, आणि मी रोज कोर्टाच्या वऱ्हांड्यात दिसत असल्यामुळे शोधायचे कष्ट वाचले.

धनीरामजींनी माझा परिचय फार सुंदर करून दिला. 'अपंग असूनही वकील झाले.' 'अपंग असूनही हसतमुख असतात.' मी हसतमुख असतो हे मला आजच कळलं. या 'असूनही'ची मला गंमत वाटते. केशवरावांना टक्कल आहे. टक्कल असूनही ते नामांकित वकील झाले, असं अजून कुठल्या समारंभात कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मग त्यांच्या जिद्दीला दाद कोणी द्यायची? जिद्द, जिद्द, जिद्द. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतो आहे. पायऱ्या जशाच्या तशा ठेवायच्या असल्या की लोक चढणाऱ्याच्या जिद्दीचं कौतुक सुरू करतात.

आणि ही भेट. मेजावर ठेवलेली ही काठी आपण सगळ्यांनी पाहिली. शिसवी आहे, मुठीला चांदीचा पत्रा आहे. सुरेख आहे. पण काठी एक आहे. मी दोन काठ्या वापरतो. एकीवर चालता येत असतं तर दुसरी कशाला वागवली असती, हौस म्हणून? दहा वर्षं झाली, समितीतले निम्मे लोक मला रोज पाहतात, चहाला बोलावतात, पाठीवर थाप मारून तोल घालवतात. माझ्या हातात काठ्या किती आहेत, हे त्यांतल्या एकाच्याही ध्यानात राहिलं नाही. बरं, उंचीही चुकली. ही माझ्या कमरेपर्यंत धड येत नाही. कोणाचं माप घेतलं होतं, धनीरामजी? असू द्या. काठी वाया जाणार नाही.

आता मी आत कसा आलो, ते सांगतो. तुमच्यातले बरेच लोक तेव्हा चहा घेत होते. या सभागृहाला पाच पायऱ्या आहेत. संगमरवरी आहेत, भैय्याजींनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधून दिल्या आहेत, आणि पहिल्याच पायरीवर तसं कोरलेलं आहे. कठडा मात्र नाही. कठड्यावर नाव कोरायला जागा पुरत नाही, म्हणून राहून गेला असावा. मला खुर्चीत बसवलं आणि चौघांनी उचललं. चौघांच्या खांद्यावरून जाण्याचा योग माणसाला एकदाच येतो, आणि तेव्हा त्याला भाषण करावं लागत नाही. मला तो योग तुमच्या कृपेनं दर समारंभाला येतो. कोर्टातला बाबुलाल शिपाई खुर्चीचा पुढचा पाय धरून होता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, हालू नोका, नाई त दोघंबी पडून." आज दिवसभरात माझ्याशी जे काही बोललं गेलं, त्यात खरं तेवढंच एक वाक्य होतं.

माझ्या मागेच सत्यभामाबाई आल्या होत्या. एकोडीहून एसटीनं, साकोलीला गाडी बदलून, डाव्या हातात बांबूची एक काठी घेऊन. माझ्यासारखंच त्यांचंही जन्माच्या वेळचं दुखणं. मेंदूला इजा होते आणि हातापायांचं ऐकणं बिघडतं. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला सेरेब्रल पाल्सी असं भारदस्त नाव दिलं आहे, गावात लुळा म्हटलं की भागतं. त्यांचं माझ्यापेक्षा सौम्य आहे. सपाटीला त्या एका काठीवर चालतात. पायऱ्यांना मात्र धरायला काहीतरी लागतं. त्या खाली उभ्या राहिल्या. समितीत कुजबुज झाली. सत्कारमूर्तीला उचललं ते ठीक, पण लग्न न झालेल्या मुलीला चार पुरुषांनी कसं उचलायचं?

प्रश्न रास्त आहे. मी त्याची चेष्टा करणार नाही. सत्यभामाबाई स्वतःच म्हणाल्या, "सर, मले उचलू नोका. धराले बांबू असता त मी आली असती." या जिल्ह्यात, महाराज, बांबू मिळत नाही का? ज्या भंडाऱ्यात लोक बांबूची घरं, टोपल्या, पाळणे आणि तिरड्या बांधतात, तिथं दोन बांबू उभे आणि एक आडवा बांधायला कोणाला सुचलं नाही. सगळ्यांना उचलणं सुचलं. मग धनीरामजी आपुलकीनं म्हणाले, "बाई, बाहेर सावलीत बसा, भोंगा लावला आहे, ऐकू येईल." आणि त्या बसल्या.

पहिल्या रांगेत मधोमध ही रिकामी खुर्ची दिसते ना, ती माझ्या आईची. 'मातोश्री' अशी चिठ्ठीही लावली आहे. आई पायऱ्या चढून दारापर्यंत आली आणि परत उतरली. म्हणाली, "पोरगी भायेर बसंन त मी काहून अंदर बसू?" माझ्या आईला अक्षर ओळखता येत नाही, त्यामुळे चिठ्ठीचा मान तिला राखता आला नाही. समितीनं माफ करावं.

आता मला हेही सुचवण्यात आलं आहे की सत्यभामाबाईंचं प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यांचा वकील मीच आहे, प्रतिवादी संस्थेचे अध्यक्ष आजच्या सभेचे अध्यक्ष आहेत, तेव्हा औचित्य म्हणून त्यावर बोलू नये. आणखी एका हितचिंतकानं असंही सुचवलं की भैय्याजी एवढा सत्कार करत आहेत, तर आपणही जरा सबुरीनं घ्यावं. शाल-श्रीफळ माझ्या उत्तरानंतर ठेवलं आहे, तेही बहुधा मी काय बोलतो ते आधी ऐकून घ्यावं म्हणूनच. मी औचित्य पाळणारा माणूस आहे. मी प्रकरणावर बोलणार नाही. मी फक्त उभं राहण्यावर बोलतो.

मी जन्मात पहिल्यांदा उभा राहिलो तो चिखलात. आम्ही पवनी तालुक्यातल्या आसगावचे. आई दुसऱ्याच्या बांध्यांत रोवणीला जायची. भातशेती ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको: पाणी भरलेल्या बांधीत बायका ओळीनं वाकतात आणि धानाची रोपं लावत मागे मागे सरकतात. मी चार-पाच वर्षांचा असेन. जमिनीवर ठेवला की पडायचो, भिंतीला टेकवला की घसरायचो. आई मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गोणपाटावर ठेवायची आणि मी रडून रडून जीव नकोसा करायचो. एक दिवस तिनं मला उचललं आणि आपल्याजवळ, गुडघाभर चिखलात रोवलं. रोपासारखंच. आणि मी उभा राहिलो. चिखलानं दोन्ही पाय असे घट्ट धरले की पडायची सोयच राहिली नाही.

आई ओरडली, "पाहाय वं, माहा गोपी उभा रायला." ओळीतली एक बाई वर न पाहताच म्हणाली, "चिखलात त बगळाबी उभा रायते, शकुन." बायका हसल्या. आई म्हणाली, "बगळ्याले शाळेत कोनी घालत नाही. याले मी घालतो."

आणि तिनं घातलं, पाठीवर वाहून. तेव्हा लोक तिला सांगायचे, मागल्या जन्माचं पाप आहे, भोगू दे. छप्पन साली आम्ही बाकी सगळ्याबरोबर ते मागल्या जन्माचं गाठोडंही टाकून दिलं. तरी पुढे कितीतरी वर्षं गावातले लोक आमच्याकडे त्याची चौकशी करत राहिले. मला एवढंच कळलं की जिथं काहीतरी धरून ठेवतं, तिथं मी उभा राहतो. माझ्या पायांत फारसा बदल झालेला नाही. जमीन कशी आहे, त्यावर सगळं ठरतं.

आता केशवरावांची ती हकीगत. बाहत्तर साल. माझी पहिलीच मोठी तारीख. वकिलानं न्यायाधीशांशी उभं राहूनच बोलायचं, असा आपल्या धंद्याचा रिवाज. मी उभा राहिलो. दोन्ही काठ्या टेबलाला टेकवल्या, टेबल धरलं. टेबल हलकं निघालं. मी, टेबल, पुस्तकं आणि शाईची दौत असे चौघं मिळून केशवरावांच्या अंगावर गेलो. त्यांचा पांढरा गळपट्टा निळा झाला. सगळं कोर्ट हसलं. मी खाली पडून हसणाऱ्यांचे बूट पाहत होतो. मला लाज वाटली नाही, मला राग आला. तो राग अजून आहे, आणि या वयात तो मला पुरतोही छान.

न्यायाधीश भले होते. म्हणाले, बसून बोला. झालं, दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये खल सुरू झाला. केशवरावांनी लेखी हरकत घेतली की वकील बसून बोलू लागले तर न्यायालयाची प्रतिष्ठा राहणार नाही. न्यायालयाची प्रतिष्ठा वकिलाच्या गुडघ्यांत असते, ही माहिती मला कॉलेजात कोणी दिली नव्हती. तरी मी बसून बोलत राहिलो. काही खटले हरलो, काही जिंकलो, हरताना मी बसलो होतो म्हणून हरलो असं मात्र एकाही निकालात आलं नाही.

देवकाबाईंची साक्ष काहींना आठवत असेल. त्यांना जन्मापासून ऐकू-बोलू येत नव्हतं. शेजाऱ्यानं शेताचा धुरा सरकवला होता आणि ते पाहणाऱ्या त्या एकट्याच. केशवराव म्हणाले, हातवारे म्हणजे साक्ष नव्हे. कायदा म्हणतो, न बोलणाऱ्यानं खुणांनी सांगितलं तरी ती साक्षच. मी कलम दाखवलं, न्यायाधीशांनी परवानगी दिली. मग देवकाबाईंनी भर कोर्टात कुदळ मारली, माती उचलली, इकडची तिकडे टाकली, मागे वळून कोणी पाहतं का ते पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. शेजारी आपली मिशी झाकायला लागला. त्या दिवशी मला एका शब्दाचंही भाषण करावं लागलं नाही.

गेल्या पावसाळ्यापासून केशवरावांचे गुडघे दुखतात. ते आता बसूनच युक्तिवाद करतात. न्यायाधीश स्वतःहून म्हणतात, "बसा, बसा, केशवराव." बारनं त्यांच्यासाठी गादीची खुर्ची आणली. मी वर्गणी दिली. हसू नका, मनापासून दिली. गुडघे दुखतात म्हणजे दुखतातच. पण मला एक सांगा, म्हातारपणामुळे बसलेला माणूस ज्येष्ठ, आणि जन्मामुळे बसलेला माणूस बेअदब, हे कोणत्या कलमात आहे? केशवराव, आपण मघाशी मला बारचं भूषण म्हणालात. त्या लेखी हरकतीचं काय करायचं तेवढं सांगा, म्हणजे भूषण म्हणून मी कुठं बसायचं ते मला कळेल.

पाय थरथरायला लागले. बाबुलाल, खुर्ची पुढे घे. तो माइक खाली कर, अजून खाली. हं. मागे ऐकू येतं? आता मी बसलो आहे. मंडळी, नीट पाहा. मघाचाच माणूस आहे. मराठी तीच, खोचकपणाही तोच. काही कमी झालं का? भैय्याजी, आपण तर अध्यक्ष आहात, समारंभ सुरू झाल्यापासून बसलेले आहात. आपल्या अध्यक्षपणाला कुठं उणेपणा आला?

तेव्हा बसून शिकवता येत नाही, हे कोणी ठरवलं?

हे प्रकरणावर नाही. हे फक्त बसण्यावर आहे. जूनमध्ये एका बाईंना एका शाळेनं शिक्षिका म्हणून घेतलं. गणित शिकवायच्या. नागपूरहून परीक्षा वरच्या वर्गात पास झालेल्या. वर्गात उभं राहणं थोडा वेळ जमायचं, मग त्या खुर्चीत बसून शिकवायच्या. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात पोहोचत नव्हता. पहिले काही दिवस मुलं हसली, मुलं हसणारच. पुढच्या आठवड्यात त्याच मुलांनी फळा खिळ्यावरून काढला आणि खाली भिंतीला टेकवून ठेवला. कोणी शिकवलं नव्हतं, सभा भरवली नव्हती, वर्षही पाळलं नव्हतं. बाईंचा हात पोहोचत नाही ना, मग फळा खाली घ्या, संपलं.

पण ते व्यवस्थापनाच्या नजरेस पडलं. शाळेची शिस्त म्हणून फळा पुन्हा वर टांगला गेला आणि दिवाळीच्या सुटीनंतर बाईंना सांगण्यात आलं, येऊ नका. मी अध्यक्षांना भेटायला गेलो. त्यांनी मला चहा पाजला, चिवडाही दिला. म्हणाले, "वकीलसाहेब, आमाले तिच्याशी काय दुश्मनी थोडीच आहे? पण मास्तरीन कशी, उभी पायजे. पोट्टे हासून राहिले तिले." मी म्हटलं, पोट्टे तर केव्हाच हसायचे थांबले. ते म्हणाले, "मग लोकं हासतीन." इथं मात्र ते खरं बोलले. मुलांचं हसणं आठवडाभरात संपतं, मोठ्यांचं संपायला खटला लागतो.

आज रात्री याच इमारतीत संस्थेची बैठक आहे. विषय एकच आहे, त्या जागेवर दुसरा शिक्षक घ्यायचा. ठराव झाला तर आम्ही कोर्टात भांडत राहू, कदाचित जिंकूही. पण निकाल येईपर्यंत आत्ताचे विद्यार्थी स्वतः मास्तर झाले असतील, आणि बाहेर बाकावर बसलेली ही मुलगी एकोडीला धान पाखडत म्हातारी होईल. तिला कोर्टातला विजय नको आहे. तिला सोमवारी सकाळी वर्गात जायचं आहे. त्यासाठी लागतं काय? एक खुर्ची, एक खिळा आणि दोन-तीन बांबू. माझ्या शालीपेक्षा जास्त काही लागत नाही.

तर आता माझी एक विनंती आहे. सत्कारमूर्तीची विनंती मोडत नाहीत, असा आपल्याकडे रिवाज आहे, आणि रिवाजांचा तुम्हाला किती आदर हे मी जाणतो. मी इथं शाल घेणार नाही. माझी आई अंगणात आहे, सत्यभामाबाई अंगणात आहेत. जमीनही तिथं सपाट आहे. ती मला मानवते. उरलेला समारंभ कडुनिंबाखाली होईल. ही चांदीच्या मुठीची काठीही सोबत घ्या. मघापासून मी तिची उंची पाहतो आहे. ती सत्यभामाबाईंच्या मापाची आहे. समितीच्या हातून चुकून का होईना, माप बरोबर घेतलं गेलं. ती अध्यक्षांनी आपल्या हातानं त्यांना द्यावी, आणि देताना 'सोमवारी या' एवढे दोन शब्द सर्वांसमक्ष म्हणावेत. म्हणायचे नसतील तर काठीही देऊ नये. रिकाम्या हातानं आलेलं आम्हाला चालतं, आम्ही कोर्टात भेटू, आणि तिथं मी बसूनच बोलेन.

समितीनं माझी आठवण ठेवली, बाबुलाल आणि त्याच्या तीन सोबत्यांनी मला न पाडता वर आणलं, आपण सगळ्यांनी माझी संथ वाणी सहन केली, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल, मानापमानात काही उणंअधिक झालं असेल, तर लहान भाऊ समजून पदरात घ्यावं. केशवरावांनी विशेष करून घ्यावं.

बाबुलाल, चौघं या रे. धरा खुर्ची, सावकाश. आणि अध्यक्षांच्या खुर्चीला कोणी हात लावू नका. भैय्याजींचे पाय चांगले आहेत, ते चालत येतील.